बाभळीवरून गेलेली तार

१

पोलीस पाटलाच्या बायकोला गावात मान असतो. पोलीस पाटलाच्या नवऱ्याला काय असतं, ते अजून कोणी ठरवलेलं नाही. माझी बायको अन्नपूर्णा उंबरटेकची पोलीस पाटील आहे. लोक तिच्याकडे भांडणं घेऊन येतात आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकतो. ही तक्रार नाही. चहा मी झकास करतो, आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून सगळं ऐकू येतं.

त्या दिवशी पहिला चहा माणिकरावांना मिळाला. आखाड सरत आला होता. आदल्या संध्याकाळपासून वाऱ्यानं पत्रे वाजवून वाजवून गावाला झोपू दिलं नव्हतं. माणिकराव मात्र ताजेतवाने होते.

"पाटीलबाई, टेकडीवरचा खांब पाडला," ते म्हणाले. "तार कापली करवतीनं. म्या ठाणेदारसाहेबाले फोन केला."

हा खांब पवनचक्कीच्या कंपनीनं वारा मोजायला उभा केला होता. काठीसारखा बारीक, पण ताडाहून उंच, शेंड्याला गरगर फिरणाऱ्या वाट्या. तो उभा राहावा म्हणून चहूबाजूंनी तारांचे ताण दिलेले. प्रत्येक तार जमिनीलगत एका लोखंडी फिरकीत अडकवलेली आणि फिरकी खाली जमिनीत पुरलेल्या आकड्यात. फिरकी एका अंगाला फिरवली की तार आवळते, दुसऱ्या अंगाला फिरवली की सैल होते.

टेकडी ई-क्लासची, म्हणजे गावाच्या गुरांना चरायला सोडलेली सरकारी जमीन. तिथं पवनचक्क्या येऊ द्यायच्या की नाही, यावर उंबरटेकमध्ये सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं होतं. माणिकराव कंपनीला जमिनी जुळवून देत, त्यामुळे त्यांना सगळीकडे विकास दिसे. पवनचक्क्या ढग पळवून लावतात, असं काही म्हाताऱ्यांचं म्हणणं. आणि या दोघांनाही आवरणारा एकच माणूस होता, अकील वेल्डर. मागच्या ग्रामसभेत तो उभा राहून म्हणाला होता, "ढगाचं सोडा, चाऱ्याचं बोला. वीज जाईन शहरात, अन् आमची ढोरं जातीन कुठं? खासगी वावरात लावा, समद्यांसमोर करार करा, मंग मले काऊन राग येईन?" लोकांनी माना डोलावल्या होत्या. ई-क्लासच्या निर्णयाची ग्रामसभा आता परवावर आली होती.

"कोणी केलं असंल?" अन्नपूर्णानं माणिकरावांना विचारलं.

माणिकरावांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याची घडी उलगडली. आत हॅक्सॉचं अर्धं पातं होतं, धरायला एका टोकाला लाल टेप गुंडाळलेलं. खांबाकडं जाणाऱ्या पायवाटेवर सापडलं, म्हणाले. गावात लाल टेपची पाती एकच माणूस वापरतो. माझा चहा उतू गेला.

२

टेकडीवर निम्मं गाव आमच्या आधी पोचलं होतं. खांब आडवा पडून मधोमध वाकला होता. कंपनीचे इंजिनिअरसाहेब बुलढाण्याहून निघाले होते. ठाणेदारांनी फोनवर अन्नपूर्णाला सांगितलं होतं, उद्या दुपारपर्यंत तुमचं काय ते कळवा, नाहीतर आम्ही अकीलला घेऊन जातो.

जो तो कापलेलं टोक बघत होता. तार खांबाच्या शेंड्यापासून येऊन गवतात संपली होती आणि टोक चकचकीत होतं. करवतीचंच काम, शंका नव्हती.

माझी बायको मात्र टोकाकडे पाठ करून आकड्यापाशी गेली. तिथली फिरकी रिकामी होती.

"तार मधातून कापली तं खालचा तुकडा इथं लटकलेला पायजे," ती मला हळूच म्हणाली. "कुठं गेला?"

तुकडा घाणेरीच्या झुडपात शिरलेला सापडला. तो ओढून काढायचं काम अर्थात माझं. हात ओरबाडले. त्याच्या खालच्या टोकाला फिरकीतला आटे असलेला बोल्ट जसाच्या तसा होता, म्हणजे तो निखळून आला होता. आणि तुकडा भलताच लांब निघाला. अन्नपूर्णानं त्याचं खालचं टोक आकड्याशी धरायला लावलं आणि नजरेनंच खांबाच्या दिशेनं वर मोजलं. आकडा आणि खांब यांच्यामध्ये एक जुनी बाभूळ आहे. उभ्या खांबाची तार तिच्या शेंड्यावरून जायची, हे गावातल्या प्रत्येक गुराख्यानं पाहिलेलं. तुकडा बाभळीच्या शेंड्याच्याही पुढं पोचत होता.

लोक खाली उतरू लागल्यावर तिनं गवत धुंडाळलं. घाणेरीच्या पलीकडे एक काळा बसका दगड आहे. त्यावर लोखंडाचा बारीक भुसा पडला होता. ती म्हणाली, "या दगडाचं कोणापाशी बोलायचं नाई. तुमच्या पोटात काई राहत नाई म्हणून सांगून राह्यली."

मी मान डोलावली आणि दुखावलो. वर मी तिला हेही दाखवलं, की आकड्याभोवती गवत गोल तुडवलं गेलंय, गर्दीला काही शिस्तच नाही. तिनं त्या गोलाकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून फिरकीच्या पोटातल्या फटीतून एक अंबाडीचा धागा काढला आणि पदराच्या टोकाला बांधला.

"गर्दी गोल चालत नसते," ती म्हणाली.

३

अकील त्याच्या शेडमध्येच होता. पळून गेला नव्हता, हे मला बरं वाटलं. त्याच्या बापाचा, रज्जाकभाईचा, गावात लाकडी घाणा होता. रज्जाकभाई गेले आणि घाणाही बंद पडला. आता अकील फाटकं, खिडक्या, फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पातं माझंच, असं त्यानं सरळ सांगितलं. या आठवड्यात तीन-चार घरी कामं केली, कुठं राहून गेलं ते आठवत नाही. त्यातलं एक काम माणिकरावांच्या फाटकाचं होतं.

"काकू, मले खांब पाडायचा असता तं मी ग्रामसभेत बोललोच काऊन असतो?" तो म्हणाला. "उद्या मले गाडीत घालून नेलं तं परवा माझ्यावाणी बोलणारं कोणी राहत नाई. मले माझ्यापक्षा त्याचंच वाईट वाटते."

त्याची आई राबिया दाराशी उभी होती. ऐकता ऐकता ती पदर तोंडाशी घेऊन आत गेली.

तिथून आम्ही किसनरावांकडे गेलो. गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. कंपनीच्या पहिल्या नकाशात एक पवनचक्की त्यांच्या वावरात होती, मग ती सरकून टेकडीवर गेली. तेव्हापासून किसनराव वाऱ्यावरच रुसले होते. आदल्या संध्याकाळी ते टेकडीवर चढताना दिसले होते, असं दोघांनी सांगितलं.

"गेलतो," किसनराव गुरगुरले. "रोजच जातो. गावात मोबाईलले धड रेंज भेटते का कुठं? खांबापाशी भेटते. करिष्माशी बोलाले जातो."

करिष्मा त्यांची लेक, पुण्याला असते. एवढ्या रागीट माणसानं एकट्यानं टेकडी चढून लेकीला फोन करावा, याचं मला कौतुक वाटलं, पण तसं बोलायची सोय नव्हती.

"तवा तिथं कोणी होतं?" अन्नपूर्णानं विचारलं.

"माणूस म्हणशीन तं एक नव्हता. वारं सुटलं होतं, तारा करकर करून राह्यल्या होत्या. डोये मिटले का रज्जाकच्या घाण्यावर बसल्यावाणी वाटे. लहानपणी पेंड खायले जात होतो तिथं." किसनराव क्षणभर हसल्यासारखे झाले. "मंग वारं वाढलं, आवाज येईना, म्या घरी आलो. तवा खांब उभा होता."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, की हा गडी खोटं बोलत असला पाहिजे. कोणीच नव्हतं, तर फिरकी काय भुतानं फिरवली?

"कोणीच नव्हतं असं थे म्हणले नाईत," अन्नपूर्णा म्हणाली. "माणूस नव्हता म्हणले." आणि ती पुन्हा अकीलच्या घराकडे वळली.

४

राबियानं आम्हाला अंगणात बाज टाकून दिली. कोपऱ्यात बादशा उभा होता, त्यांच्या घाण्याचा बैल. हाडं वर आलेली, दोन्ही डोळे केव्हाच गेलेले. रज्जाकभाईंनी त्याला वासरापासून वाढवला होता. विकून टाक, असं राबियाला सांगणारे पुष्कळ होते. ती ऐकून घ्यायची आणि बैलाला पेंड घालायची.

"बैल आज चराले नाई नेला?" अन्नपूर्णानं विचारलं.

"पोट बरं नाई त्याचं," राबिया म्हणाली.

बादशाच्या पुढ्यात हिरवा चारा होता आणि तो पोट बरं नसलेल्या जनावरासारखा मुळीच खात नव्हता. गळ्यात अंबाडीचं दावं होतं. हल्ली सगळे नायलॉनचे दोर घेतात, राबिया मात्र अजून अंबाडीचं दावं वळते. माझ्या बायकोचा हात पदराच्या गाठीकडे गेला.

राबियाला तिनं गुडघ्याचं विचारलं, जेवणाचं विचारलं. राबिया एकेका शब्दात उत्तरं देत होती. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या गावात आल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावल्या. आणि आता मध्ये काहीतरी होतं, ते दोघींना दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं. तहान लागल्याचं निमित्त करून मी अंगणाबाहेरच्या हापशीवर गेलो.

हापशी जुनी आहे. दांडा दाबला की करकरते. मी दोन-तीनदा दाबली असेल, तेवढ्यात मागं खुरांचा आवाज आला.

बादशानं चारा सोडला होता. मान खाली घालून तो खुंट्याभोवती चालायला लागला होता. संथ, एका लयीत, एकाच अंगानं, गोल गोल. मी हापशी थांबवली, तरी तो थांबला नाही. मी "हो, हो" केलं, अन्नपूर्णानं दावं धरलं. तो आमच्यासाठी थांबायला तयारच नव्हता.

राबिया खाली बघत राहिली.

अन्नपूर्णानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाळी बादशाले टेकडीवर आणजो, राबिया. अकीलसाठी."

५

सकाळी टेकडीवर इंजिनिअरसाहेब होते, माणिकराव होते, किसनराव होते, आणि कोणी न बोलावता आलेलं गाव होतं. वारा चांगला होता. अन्नपूर्णानं बादशाला शाबूत उरलेल्या एका आकड्यापाशी नेलं आणि दावं त्या फिरकीच्या फटीतून ओवून बांधलं.

"साहेब, ही फिरकी आपोआप फिरू नये म्हणून काई असते का?" तिनं विचारलं.

साहेब म्हणाले, असते. एक बारीक तार फिरकीतून अडकवून पिळलेली असते.

"इथं कुठं आहे?"

साहेबांनी वाकून पाहिलं. गंजून गळून गेली असावी, म्हणाले. देखभालीला माणसं बऱ्याच महिन्यांत आली नव्हती, हे त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं. माणसाची लाज मला दिसली आणि तो मला आवडला.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. पडलेल्या खांबाचं वाकलेलं लोखंड आणि लोंबणाऱ्या तारा करकरू लागल्या. बादशानं कान टवकारले, मान खाली घातली आणि चालायला सुरुवात केली. दावं ताणलं गेलं. ते फटीतून ओवलेलं, त्यामुळे गुंडाळलं न जाता फिरकीलाच सोबत घेऊन फिरायला लागलं. एक फेरा, आणखी एक. फिरकीतून आटे बाहेर यायला लागले. आंधळा म्हातारा बैल. आपण घाण्यावर आहोत आणि मालक बाजूला बसलाय, असंच त्याला वाटत असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगीच वाऱ्याचं नाव का घ्या.

बैल धापा टाकायला लागला. दोघंतिघं पुढं झाले, त्यांनी ओरडून पाहिलं, शेपूट धरून पाहिलं. तो थांबेना.

"बस रे बादशा, तेल निकल गया."

बैल जागच्या जागी उभा राहिला.

राबिया गर्दीतून पुढं आली आणि त्याच्या मानेला मिठी घालून रडायला लागली. रज्जाकभाई घाणा थांबवताना हेच म्हणायचे. त्या संध्याकाळी ती गवत कापायला आली होती. बैल कुठं भरकटू नये म्हणून समोर दिसलेल्या फिरकीच्या फटीतून दावं ओवून बांधला, जसा खुंट्याला बांधतात. लांबच्या उतारावर असताना मोठा आवाज झाला. धावत आली, तर खांब आडवा आणि बादशा थरथरत उभा.

"बोलणार होती मी," ती म्हणाली. "पण बैल आमचा अन् पोरगाही आमचा. बैलानं आपल्या मनानं केलं, हे कोणी मानलं असतं का? अकीलनंच बांधला म्हणले असते."

अकीलनं पुढं होऊन बैलाचं दावं सोडलं.

"बैलाचं ठीक हाये," माणिकराव म्हणाले. "पण तार तं करवतीनं कापेल हाये. थे बी बैलानंच केलं का?"

"नाई," अन्नपूर्णा म्हणाली. "तार जिथं कापली थे ठिकाण खांब उभा असताना बाभळीच्या शेंड्याहून वर होतं. तिथं कोणाचा हात पोचत नाई. म्हणजे खांब पडल्यावर कोणीतरी कापली. पडलेल्या खांबाची तार कोणी कायले कापीन? पाडणाऱ्याले गरजच नाई. ज्याले दुसऱ्याचं नाव लावायचं हाये, त्यालेच गरज."

"मंग अकीलनंच खोडी केली असंल! पडलेला पाह्यला, अन् त्या काळ्या दगडावर तार ठेवून…"

माणिकराव थांबले. फार उशिरा थांबले.

"कोणत्या दगडावर, माणिकराव?" अन्नपूर्णानं अगदी मऊ आवाजात विचारलं. "दगडाचं मी अन् माझ्या मालकाशिवाय कोणालेच ठाऊक नाई. अन् यावेळी तं यायनं बी कोणाले सांगतलं नाई."

लोक माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात माझा वाटा होता, आणि मला तो पुरेसा वाटला.

माणिकरावांनी मग सांगून टाकलं. पहाटे फिरायला आले, खांब पडलेला दिसला. फाटकापाशी राहिलेलं अकीलचं पातं आठवलं. घरी जाऊन ते घेऊन आले. अंधुक उजेडात हाताला लागली तिथं तार कापली. आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फिरकी रिकामी असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

६

ठाणेदारांना अन्नपूर्णानं सगळं फोनवर सांगितलं, बैलासकट. पलीकडून हसणं ऐकू आलं. माणिकरावांना ठाण्यात बोलावून तंबी मिळाली. कंपनीनं बैलावर तक्रार केली नाही. खांब का पडला, याच्यापुढं अन्नपूर्णानं 'वाऱ्यानं' असं कळवलं. मी म्हणालो, हे अर्धसत्य आहे. ती म्हणाली, वाऱ्यानं तारा करकरल्या, करकरीनं बैल चालला, यात खोटं काय?

ग्रामसभेत अकील बोलला. ई-क्लास गुरांना राहिली. ज्यांना हवी त्यांनी आपल्या वावरात पवनचक्की घ्यावी, करार गावासमोर व्हावा, शेजाऱ्यालाही विचारावं, असं ठरलं. ढगवाल्या म्हाताऱ्यांनीही हात वर केले, ढगांबद्दल मत न बदलता. किसनरावांना त्यांची पवनचक्की मिळणार आहे, आणि तिच्या घरघरीनं झोप येईल का, ही नवी काळजी त्यांना लागली आहे. वारा मोजायला तेवढा एक खांब टेकडीवर पुन्हा उभा राहिला; त्याच्याभोवती जाळी आली, पाटी आली, 'येथे जनावरे बांधू नयेत'. पाटीच्या पायाला दुसऱ्याच दिवशी कोणाची तरी शेळी बांधलेली होती.

माणिकरावांचं काय करायचं, हे ग्रामसभेनं अकीलवर सोडलं. अकीलनं आईकडे बोट दाखवलं. राबिया म्हणाली, माझे गुडघे दुखतात, पोळ्यापर्यंत बैल यांनी चारून आणावा.

तेव्हापासून माणिकराव रोज दुपारी बादशाला घेऊन टेकडीवर जात. जी टेकडी कंपनीला द्यायची होती, तिथलं चांगलं गवत कुठं आहे, हे आता गावात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो होतो. अन्नपूर्णा आणि राबिया बाभळीखाली बसून बादशाच्या शिंगांसाठी गोंडे वळत होत्या. माणिकरावांनी दाव्याचं टोक मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. वारा उठला. नवा खांब करकरला. बादशानं मान खाली घातली.

पहिल्या फेऱ्याला माणिकराव हसले. नंतर धोतर सावरत त्याच्या बाजूनं चालू लागले. मग त्यांनी ते वाक्य म्हणून पाहिलं, एकदा, दोनदा, रडवेल्या आवाजात. बैल ढिम्म. तो आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.

"राबियाबाई," ते धापा टाकत ओरडले, "सांगा ना त्याले!"

राबियानं हातातला गोंडा पुरा केला, दातानं दोरा तोडला, गोंडा उन्हात धरून नीट पाहिला आणि अन्नपूर्णाकडे दिला. मग माणिकरावांकडे बघत म्हणाली,

"बस रे बादशा. तेल निकल गया."